‘छान वाटलं’च्या पुढे काय? आकाशदर्शनाला आलेल्या माणसाचा अनुभव कसा अभ्यासायचा



पेटची तयारी करणारे, नेट-सेटचा अभ्यास करणारे किंवा नुकताच आरआरसीसमोर विषय मांडून आलेले ज्युनिअर्स मला एक प्रश्न हमखास विचारतात. "ताई, तुमचं एम.एस्सी. तर फिजिक्समध्ये झालंय. मग पीएच.डी.ला माणसांच्या मुलाखती काय घेत बसलात?"

प्रश्न रास्त आहे. माझा विषय विज्ञान शिक्षणात येतो. निसर्ग केंद्रं, सार्वजनिक वेधशाळा, आकाशदर्शनाचे कार्यक्रम अशा ठिकाणी येणारा माणूस तिथून नेमकं काय घेऊन जातो, हे मला समजून घ्यायचं आहे. ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं. एक प्रश्नावली करू, शंभर-दोनशे लोकांकडून भरून घेऊ, एसपीएसएसमध्ये टाकू, झालं! पण अर्धापूरच्या एका मैदानावर माझी प्रश्नावली एका रात्रीत दोनदा तोंडावर पडली. आजचा लेख त्या दोन प्रसंगांवर आहे. ‘अनुभव’, ‘आवड’, ‘जाणीव’ असे शब्द ज्यांच्या विषयाच्या शीर्षकात आहेत, त्यांनी तर जरूर वाचा.

प्रसंग पहिला: रिकामी दुर्बीण

जानेवारीतली रात्र होती. शाळेचं मैदान, एका बाजूला केळीच्या बागा आणि दुसऱ्या बाजूला नागपूरकडे जाणाऱ्या हायवेचा उजेड. आमच्याकडे सहा इंची डॉब्सोनियन दुर्बीण होती. डॉब्सोनियन म्हणजे हाताने ढकलून फिरवायची साधी दुर्बीण. तिला मोटर नसते, म्हणून ती आकाशाच्या मागे आपोआप फिरत नाही.

इथे थोडं गणित करू. पृथ्वीच्या फिरण्यामुळे आकाश तासाला १५ अंश सरकल्यासारखं दिसतं, म्हणजे चार मिनिटांत एक अंश. दुर्बिणीचं दृष्टिक्षेत्र अर्ध्या अंशाचं असेल, तर एका कडेला आलेला गुरू दोन मिनिटांत दुसऱ्या कडेने बाहेर जातो. दर दोन-तीन पोरांनंतर कुणीतरी दुर्बीण पुन्हा लावावी लागते. मी रांगेच्या दुसऱ्या टोकाला फॉर्म वाटत होते आणि दुर्बिणीजवळचा स्वयंसेवक पोरांना आवरण्यात गुंतला होता. थोड्या वेळाने मी सहज डोळा लावून बघितलं, तर आत काहीच नाही. गुरू केव्हाच निघून गेला होता.

पण माझ्या पुढच्या चार-पाच लेकरांनी आत डोकावून मला काय सांगितलं होतं माहितीये? "दिसला मॅडम! भारी दिसला!"

ती पोरं खोटारडी नव्हती. मागे रांग उभी आहे, मॅडम वही घेऊन बघतायत, आधीचा मित्र ‘भारी दिसला’ म्हणून गेलाय. अशा वेळी ‘मला नाही दिसला’ म्हणायला सहावीतल्या पोराला केवढं धाडस लागेल! संशोधनाच्या भाषेत याला सामाजिक इष्टतेचा प्रभाव म्हणतात. समोरच्याला बरं वाटेल किंवा आपण चांगले दिसू, असं उत्तर माणूस देतो. पुस्तकात ही व्याख्या मी कितीतरी वेळा वाचली होती. त्या रात्री ती थंडीत कुडकुडत माझ्यासमोर उभी होती.

माझ्या फॉर्मवर प्रश्न होता, ‘दुर्बिणीतून निरीक्षण करताना तुम्हाला आनंद झाला का?’ आणि खाली १ ते ५ गुण. जवळजवळ सगळ्यांनी ५ वर खूण केली होती. रिकामं आकाश बघणाऱ्यांनीसुद्धा.

प्रसंग दुसरा: आजोबांचा मिरग

त्याच रात्री नातवाला घेऊन एक आजोबा आले होते. धोतर, डोक्याला मफलर, हातात काठी. आमचा स्वयंसेवक लेझरने तारे दाखवत होता. "हे बघा, हे मृग नक्षत्र. हे चार कोपऱ्यांचे तारे आणि मधे सरळ रेषेतले तीन, तो बाण." आजोबांनी वर बघितलं, थोडा वेळ गप्प राहिले आणि मला म्हणाले, "माय, मिरग तर पेरणीच्या टायमाला निघतो. ह्यो थंडीत डोक्यावर कसा काय आला?"

मित्रांनो, त्या रात्रीचा सगळ्यात खोल प्रश्न हा होता. आपल्या शेतकऱ्यांचं नक्षत्र सूर्याचं असतं. ७-८ जूनला मृग निघतो म्हणजे सूर्य मृगाच्या ताऱ्यांपाशी पोचतो. म्हणजेच ते तारे दिवसा, सूर्यासोबत आकाशात असतात. उजेडात ते दिसणार कसे? सहा महिन्यांनी पृथ्वी सूर्याच्या दुसऱ्या बाजूला गेली, की तेच तारे रात्रीच्या आकाशात येतात. म्हणून डिसेंबर-जानेवारीत मृग रात्री डोक्यावर असतो.

मी एका पोराला सूर्य म्हणून मधे उभं केलं, नातवाला मृग म्हणून एका बाजूला, आणि आजोबांना पृथ्वी करून सूर्याभोवती फिरायला लावलं. अर्धी फेरी झाल्यावर ते थांबले. "म्हंजे मिरग निघतो तवा मिरग दिसतच नाही!" असं म्हणून हसायला लागले.

आता गंमत बघा. त्यांच्या नावाचा फॉर्म नातवाने भरला होता. ‘तारा आणि ग्रह यांतील मुख्य फरक सांगा’ याच्यापुढे ‘माहीत नाही’. ‘आकाशगंगेचा प्रकार कोणता?’ याच्यापुढे ‘माहीत नाही’. ज्ञान विभागात शून्य गुण. माझ्या डेटात तो माणूस ‘काहीच न शिकलेला’ म्हणून नोंदला गेला. प्रत्यक्षात आयुष्यभर बाळगलेली एक समजूत त्याने स्वतः तपासली होती आणि तिच्यात भर घातली होती. तेवढं त्या मैदानावर दुसऱ्या कुणीच केलं नव्हतं, मी धरून.

एकाला काही दिसलंच नव्हतं आणि त्याला पाचपैकी पाच. दुसऱ्याला सगळ्यात जास्त उमगलं होतं आणि त्याला शून्य. असं साधन घेऊन मी तीन वर्षं डेटा गोळा करणार होते. विचार करूनच पोटात गोळा येतो.

हा प्रश्न शंभर वर्षं जुना आहे

घरी येऊन मी वाचायला बसले. प्रेक्षकांच्या अभ्यासाला फार जुनी परंपरा आहे. बोस्टनच्या कला संग्रहालयातले बेंजामिन गिलमन यांनी १९१६ साली ‘संग्रहालयाचा थकवा’ या विषयावर लेख लिहिला. खालच्या कपाटातली वस्तू बघायला माणसाला किती वाकावं लागतं, मान किती वळवावी लागते, याचे त्यांनी फोटो काढून दाखवले. माणसं कंटाळतात त्यात त्यांच्या अज्ञानापेक्षा मांडणीचा दोष मोठा असू शकतो, हा त्यातला मुद्दा. पुढे १९२८ साली एडवर्ड रॉबिन्सन या मानसशास्त्रज्ञाने घड्याळ लावून प्रेक्षकांच्या नकळत नोंदी ठेवल्या. कोण कुठे थांबलं, किती सेकंद थांबलं, कशाकडे बघून पुढे गेलं. या पद्धतीला आज मागोवा आणि वेळनोंद म्हणता येईल. ती अजूनही वापरतात.

पण पाय किती वेळ थांबले यावरून मनात काय झालं ते कळत नाही. तिथे मला जॉन फॉक आणि लिन डिअर्किंग यांची मांडणी उपयोगी पडली. १९९२ साली त्यांनी ती पुस्तकरूपात मांडली आणि २००० साली विस्तारली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की भेटीचा अनुभव तीन संदर्भ एकमेकांत मिसळून तयार होतो. पहिला वैयक्तिक, म्हणजे माणूस काय घेऊन येतो. दुसरा सामाजिक-सांस्कृतिक, म्हणजे तो कुणाबरोबर येतो. तिसरा भौतिक, म्हणजे ती जागा कशी आहे. शिवाय काळाची मितीही आहे. अनुभव गेटवर संपत नाही, नंतरही घडत राहतो.

हे तिन्ही संदर्भ आपल्याकडच्या जागांवर लावून बघू.

माणूस काय घेऊन येतो?

नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांमधले शंभरहून जास्त दिवे बदलून उजेड जमिनीकडेच पडेल असे बसवले गेले. तारे बघायला दुर्बिणीची सोय झाली. निसर्ग केंद्र आणि वेधशाळा एकाच जागी असण्याचं महाराष्ट्रातलं हे ठळक उदाहरण.

पण पेंचला पर्यटक मुळात कशासाठी जातो? वाघासाठी. सकाळच्या सफारीत वाघ दिसला नाही म्हणून हिरमुसलेला माणूस रात्री ताऱ्यांखाली उभा राहतो, तेव्हा त्याचा अनुभव आणि खास ताऱ्यांसाठी तिथे गेलेल्या हौशी निरीक्षकाचा अनुभव एकाच सरासरीत कसा बसवायचा?

फॉक यांनी २००९ साली येणाऱ्यांच्या हेतूंची पाच रूपं सांगितली. कुतूहल घेऊन आलेला शोधक. मुलांना किंवा पाहुण्यांना दाखवायला आलेला सोबती. विषयातला हौशी किंवा व्यावसायिक. ‘तिथे जाऊन आलो’ म्हणता यावं म्हणून आलेला. आणि मन शांत करायला आलेला. या वर्गीकरणावर टीकाही झाली आहे, कारण खरा माणूस एका खणात बसत नाही. आजोबा नातवाचे सोबती म्हणून आले आणि शोधक म्हणून परत गेले. तरीही ‘का आलात?’ हे कार्यक्रमाच्या आधी विचारायला हवं, एवढं यातून नक्की कळतं.

आपल्याकडे मला अजून एक भेद महत्त्वाचा वाटतो, ‘आलेले’ आणि ‘आणलेले’. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. दरवर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे प्रदर्शन भरतं आणि शाळा बसगाड्या करून मुलांना नेतात. ती मुलं ‘आणलेली’ असतात. सरांनी सांगितलं म्हणून आली. त्यांच्याकडून ‘स्वतःहून आलात का?’ टाइपच्या प्रश्नाला हो उत्तर मिळालं, तरी त्याचा अर्थ वेगळा लावावा लागतो.

तो कुणाबरोबर येतो?

एक साधा हिशोब करा. एका दुर्बिणीवर ६० माणसं आहेत आणि प्रत्येकाला ३० सेकंद मिळतात. शेवटच्या माणसाची पाळी अर्ध्या तासाने येते. म्हणजे त्याचा ‘दुर्बिणीचा अनुभव’ अर्धा मिनिट आणि रांगेचा अनुभव तीस मिनिटं! रांगेत गप्पा होतात, चिडवाचिडवी होते, सप्तर्षींतले ऋषी कोण यावर वाद होतो. कुणीतरी आजी चार ताऱ्यांना म्हातारीची बाज आणि शेपटीतल्या तिघांना चोर म्हणते. माझ्या प्रश्नावलीत रांगेबद्दल एकही प्रश्न नव्हता.

रांगेचा एक शास्त्रीय फायदाही आहे. अंधाराला डोळे पुरते सरावायला साधारण २० ते ३० मिनिटं लागतात. म्हणजे रांग अंधारात ठेवली आणि मोबाईल खिशात ठेवले, तर पाळी येईपर्यंत डोळे तयार होतात. एकाने स्क्रीन उघडली की त्याचीही मेहनत वाया आणि शेजाऱ्याचीही. म्हणून आम्ही लाल कागद लावलेली बॅटरी वापरतो. मंद प्रकाशात काम करणाऱ्या डोळ्यातल्या पेशी लाल रंगाला फारशा दाद देत नाहीत. संशोधकांनो, रात्री नोंदी घेणार असाल तर तुमची बॅटरीही लालच हवी. नाहीतर ज्या अनुभवाचा अभ्यास करायला गेलात, तोच बिघडवून याल.

जागा काय करते?

फोटो बघून आलेल्या माणसाची दुर्बिणीपाशी हमखास निराशा होते. अवकाश दुर्बिणींनी काढलेली तेजोमेघांची रंगीत चित्रं त्याने मोबाईलवर बघितलेली असतात. नेत्रिकेतून, म्हणजे आयपीसमधून, मृगातला तेजोमेघ त्याला करडा, धुरकट डाग दिसतो. उलट शनीची कडी चांगली उघडलेली असतील, तर पहिल्यांदा बघणारा हमखास विचारतो, "खराखुरा हाय का आत स्टिकर लावलंय?" पण मार्च २०२५ मध्ये कड्यांची पातळी पृथ्वीच्या बरोबर नजरेच्या रेषेत आली आणि त्या सुमारास कडी जवळजवळ दिसेनाशी झाली. त्या हंगामातला आणि आधीच्या हंगामातला प्रेक्षकांचा प्रतिसाद तुलनेला घेतलात, तर फरक कार्यक्रमामुळे पडला की शनीमुळे?

चंद्राचंही तसंच. लोक पौर्णिमेला आकाशदर्शन ठेवा म्हणतात. पण पौर्णिमेला समोरून उजेड पडतो, सावल्या नसतात, आणि विवरं सपाट दिसतात. शुद्ध अष्टमीच्या आसपास उजेड-अंधाराच्या सीमेवरची विवरं सुंदर उठून दिसतात. म्हणून तिथी, ढग, चंद्र, कोणती वस्तू दाखवली, दुर्बिणीचा आकार, मैदानावरचा दिवा चालू की बंद, हे सगळं तुमच्या नोंदवहीत असायलाच हवं. विज्ञान शाखेतून आलेल्या आपल्याला ही सवय असते. प्रयोगशाळेत तापमान लिहिल्याशिवाय आपण वाचन घेत नाही. मैदानावर आलो की मात्र विसरतो.

निसर्ग केंद्रांचंही हेच. मुंबईत धारावीजवळ, मिठी नदीच्या काठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. एकेकाळी तिथे कचऱ्याचं मैदान होतं. ३७ एकरांवर झाडी वाढवून १९९४ साली ते लोकांसाठी खुलं झालं. ज्याला हा इतिहास माहीत नाही तो तिथे झाडं बघतो. ज्याला माहीत आहे तो कचऱ्यावर उभं राहिलेलं जंगल बघतो. जागा तीच, अनुभव दोन. त्यामुळे ‘माहितीफलक वाचला का?’ हा क्षुल्लक प्रश्न नसतो.

मग मी काय बदललं?

आता कामाचा भाग. माझ्या साधनात मी केलेले बदल क्रमाने सांगते.

१. ‘दिसलं का?’ विचारणं बंद केलं, काढायला सांगते. गुरू बघून आलेल्या मुलाला कोरा कागद देते. ‘जे दिसलं ते काढ. काही दिसलं नसेल तर कागद कोरा ठेव, तेही बरोबरच आहे.’ गुरूचे चार मोठे चंद्र दर रात्री वेगळ्या जागी असतात आणि कोणत्या वेळी कुठे होते ते स्टेलेरियमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये नंतर तपासता येतं. तीन ठिपके एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला असं मुलाने काढलं आणि ते जुळलं, म्हणजे त्याने खरंच बघितलं. फक्त एक लक्षात ठेवा, अशा दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं, त्यामुळे तुलना करताना कागद फिरवायला विसरू नका.

२. आधी आणि नंतर तोच कागद. १९९०च्या दशकात फॉक आणि सहकाऱ्यांनी ‘वैयक्तिक अर्थनकाशा’ ही पद्धत वापरात आणली. कागदाच्या मधे एक शब्द लिहायचा, समजा ‘आकाश’. त्याभोवती माणसाने मनात येईल ते लिहायचं. कार्यक्रमानंतर तोच कागद परत द्यायचा आणि वेगळ्या रंगाच्या पेनने भर घालायला किंवा खोडायला सांगायचं. इथे बरोबर-चूक नसतं. काय वाढलं, किती खोल गेलं, काय बदललं ते बघायचं. लिहिता न येणाऱ्यांसाठी मी तोंडी घेते. आजोबांच्या नकाशावर ‘मिरग, पेरणी, पाऊस’ आलं असतं आणि नंतर त्याखाली ‘निघतो तवा दिसत नाही’ वाढलं असतं. शून्य गुण पडले नसते.

३. ‘कसं वाटलं?’ऐवजी ‘घरी गेल्यावर पहिलं काय सांगाल?’ आपल्याकडे ‘कसं वाटलं’ हा शिष्टाचाराचा प्रश्न आहे आणि ‘छान वाटलं’ हे शिष्टाचाराचं उत्तर. जेवणानंतर यजमानाला कुणी ‘भाजी खारट होती’ म्हणतं का? पण घरी काय सांगाल म्हटलं की माणूस खरी गोष्ट निवडतो. कुणी म्हणतं चंद्राला खड्डे होते, कुणी म्हणतं लई थंडी होती. दोन्ही डेटाच आहे.

४. इंग्रजी प्रश्नावली जशीच्या तशी मराठीत आणली नाही. ‘पूर्णतः सहमत ते पूर्णतः असहमत’ हे पाच खण आपल्या बोलण्यात नाहीतच. अनेक जण समोरच्याचा मान राखायला सगळीकडे ‘सहमत’ करतात. म्हणून काही विधानं मुद्दाम उलट अर्थाची ठेवली आणि भाषांतर दुसऱ्याकडून परत इंग्रजीत करून घेऊन मूळाशी ताडलं. तरीही शब्द अडतात. ‘ऑ’ या इंग्रजी भावनेचंच बघा. केल्टनर आणि हाइट या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली तिचे दोन घटक सांगितले. समोर काहीतरी प्रचंड असणं, आणि ते सामावून घ्यायला मनातला जुना साचा बदलावा लागणं. आपण ‘अचंबा’ म्हटलं की पहिला घटक येतो. दुसरा येतोच असं नाही. आजोबांचं हसू मला दुसऱ्याचं उदाहरण वाटतं.

५. तीन महिन्यांनी परत फोन. काळाची मिती पकडायची तर हे टाळता येत नाही. अडचण व्यवहाराची आहे. नंबर वडिलांचा असतो, वडील शेतात असतात, आणि ‘कोण बोलतंय?’ इथून सुरुवात होते. बरेच जण गळतात. जे फोन उचलतात तेच जास्त उत्साही असण्याची शक्यता असते, म्हणून निष्कर्ष लिहिताना ही गळती प्रामाणिकपणे सांगावी लागते.

६. संमती, आणि तीही खरी. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची लेखी संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही लागतात. रात्रीच्या कार्यक्रमात अंधारात संमतीपत्र वाचायला देणं म्हणजे निव्वळ सही गोळा करणं. ती दिवसा, शाळेत, समजावून घ्या. ‘नाही’ म्हणणाऱ्यालाही दुर्बिणीतून बघायला तेवढाच वेळ मिळाला पाहिजे. संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी डेटा गोळा करण्याआधी घ्यायची असते, नंतर नाही. हसू नका, नंतर धावणारे मी बघितलेत.

एवढा खटाटोप कशासाठी?

कारण उद्या हे आपल्या दारात येणार आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. २०१६ साली तिला तत्त्वतः मंजुरी मिळाली आणि एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मान्यता दिली. अर्धापूर-नांदेडकडची शाळा सकाळी निघून संध्याकाळी परत येईल इतकं ते जवळ आहे. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला येणारे भाविकही असतील. अमेरिकेतल्या लायगोच्या दोन्ही ठिकाणी लोकांसाठी विज्ञान केंद्रं आहेत. तसं केंद्र इथेही होणं मराठवाड्यातल्या लेकरांच्या हक्काचं आहे.

पण लायगोत डोळा लावायला नेत्रिका नसते. काटकोनात पसरलेल्या प्रत्येकी ४ किलोमीटरच्या दोन भुजा, आत निर्वात नळ्या आणि लेझर. लहर येते तेव्हा लांबीत पडणारा फरक अणुकेंद्रापेक्षाही कितीतरी लहान असतो. तिथे ‘दिसलं का?’ या प्रश्नाला अर्थच उरत नाही. मग आपण मुलांना काय विचारणार? एक पानी फॉर्म देऊन ‘भेट आवडली का, १ ते ५’? तसं केलं तर पाचपैकी पाच येतील, अहवाल सुंदर होईल, आणि कुठलं लेकरू रिकाम्या नेत्रिकेत बघून परत गेलं ते कुणालाच कळणार नाही. जे प्रदर्शन कळत नाही ते तसंच राहील, कारण कागदावर ते सगळ्यांना आवडलेलं असेल.

तुमचा विषय आकाशाचा नसेल. पाणलोटाचा असेल, पोषण आहाराचा असेल, ग्रंथालयाचा असेल. तरी पायलटला जाताना दोन गोष्टी तपासा. ज्याला काहीच मिळालं नाही, त्याला तुमच्या साधनात तसं सांगायला जागा आहे का? आणि ज्याला तुमच्या अपेक्षेबाहेरचं काही उमगलं, त्याची नोंद कुठे होईल? दोन्हीची उत्तरं ‘नाही’ असतील तर मोठ्या नमुन्याकडे जाऊ नका. आधी साधन बदला. गाइड घाई करतील, सहा महिन्यांचा प्रगती अहवाल तोंडावर असेल, तरीसुद्धा.

माझ्या नव्या फॉर्मच्या शेवटी आता एक मोकळी जागा आहे. तिच्यावर लिहिलंय, ‘तुम्हाला आम्हाला काय विचारायचं आहे?’ पहिल्याच कार्यक्रमात एका मुलीने तिथे लिहिलं, ‘मॅडम, पावसाळ्यात तारे कुठे जातात?’ ढगांमागेच असतात, असं उत्तर माझ्या तोंडावर आलं होतं. मग आजोबा आठवले, आणि मी तिलाच विचारलं, "तुला काय वाटतं?"

तिचं उत्तर दीड पानाचं आहे. त्याचं कोडिंग कसं केलं, ते पुढच्या लेखात.